दुसरा कोस

माझे यजमान जानेवारी २०२२ मध्ये प्रभूमध्ये झोपी गेले. त्याआधीची सव्वातीन वर्षे आम्ही दोघे नेवासे तालुक्यातील आमच्या गावाहून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी जात होतो. या काळात तुमचा विश्वास कसा टिकला, असे आमच्या चर्चच्या मंडळीतील बहिणी मला आजही विचारतात. त्याचे उत्तर दोन वाक्यांत मला देता येत नाही, म्हणून जे घडले ते घडले तसे लिहून ठेवते आहे.

यजमान बुकबाइंडर होते. शाळांची हजेरीपत्रके आणि सोसायटीच्या खतावण्या बांधणे हा त्यांचा पोटाचा धंदा होता. परंतु पंचक्रोशीतील ख्रिस्ती घरांतून जीर्ण झालेली पवित्र शास्त्रे आणि गीतांची पुस्तके त्यांच्याकडे आली की त्या कामात ते विशेष रमत असत. वीस-पंचवीस वर्षे वाकून बसल्यामुळे त्यांची पाठ सतत दुखे आणि त्यासाठी ते वेदनाशामक गोळ्या मनानेच घेत. रक्तदाब वाढलेला असल्याचे आरोग्य शिबिरात एकदा कळले होते, पण काही त्रास होत नाही म्हणून औषध चालू केले नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्ये पायांवर सूज आली आणि एका रात्री त्यांना आडवे होऊन श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवशी नगरच्या डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत. त्याच संध्याकाळी मानेतून नळी घालून पहिले डायलिसिस झाले.

आमच्याकडे केशरी शिधापत्रिका असल्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागत असे, आणि ती योजना नसती तर आम्ही दुसऱ्याच महिन्यात हात टेकले असते. तरीही एसटीचे भाडे होते, बाहेरून आणावी लागणारी औषधे होती आणि आठवड्यातले तीन दिवस बुडणारे काम होते. मी चर्चच्या बालवाडीत शिकवत असे. ते तिन्ही दिवस माझी एक सहकारी कोणताही मोबदला न घेता माझा वर्ग सांभाळू लागली. त्या वेळी मला त्याचे फारसे काही वाटले नाही. माझ्यावर एवढे संकट कोसळले असताना लोकांनी तेवढे तरी करायलाच हवे, अशी माझी समजूत होती, हे मी येथे प्रामाणिकपणे लिहिते.

पुढे डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रिया करून एक रोहिणी आणि एक नीला जोडण्यात आली. याला फिस्टुला म्हणतात. जोडलेली शीर काही आठवड्यांनी फुगून जाड झाली आणि डिसेंबरपासून सुया तेथे टोचू लागले. त्या जागी तळहात ठेवला की मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते. ती थांबली तर शीर बंद पडली असे समजून ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून ती थरथर तपासत असे. त्या हाताने वजन उचलायचे नव्हते आणि प्रेसचा दांडा फिरवायचा नव्हता. पुठ्ठा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खळ लावणाऱ्या माणसाचा एक हात असा काढून घेतला गेला. उरलेले काम मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा डावा हात होऊन, करू लागले.

त्या डिसेंबरातच आमच्या एका नातलगांच्या घरी प्रार्थनासभेला गेलो असताना, बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी यजमानांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर सर्वांसमोर सांगितले की, खरा विश्वास असेल तर यंत्राची गरज उरणार नाही, येत्या सोमवारी जाऊ नका. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मनातून मला ते हवे होते. सोमवारी पहाटे उठायचे नाही, डबा करायचा नाही, एसटीच्या मागच्या बाकावर त्यांचे डोके खांद्यावर घेऊन बसायचे नाही, या विचाराने मला जो हलकेपणा वाटला त्याला मी विश्वास समजत होते. यजमानांनी मात्र शांतपणे सांगितले, "मिरजेला वान्लेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तो काय अविश्वासाने काढला? मी सोमवारी जाणार. प्रार्थना बसमध्ये करीन." लहानपणी त्यांच्या वडिलांचे ऑपरेशन मिरजेच्या मिशन दवाखान्यात झाले होते, त्यामुळे वान्लेस या मिशनरी डॉक्टरांचे नाव त्यांच्या तोंडी नेहमी असे. आम्ही सोमवारी गेलो. तीन दिवसांच्या खंडानंतर त्या दिवशी त्यांच्या अंगातून जवळजवळ तीन लिटर पाणी काढावे लागले. आणखी दोन दिवस गेलो नसतो तर काय झाले असते, ते सिस्टरांनी मला बाजूला घेऊन समजावून सांगितले.

ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांना डायलिसिस म्हणजे सुया आणि यंत्र एवढेच वाटते. खरी परीक्षा असते ती दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत, आणि ती तहानेची असते. शरीरात गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नसल्यामुळे चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट असे सर्व मिळून दिवसाला ७०० मिलिलिटर एवढीच त्यांना मुभा होती. मी एका वहीत प्रत्येक घोट लिहून ठेवत असे. भाज्या चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकून द्यायचे आणि मग शिजवायच्या, म्हणजे त्यांतले पोटॅशियम कमी होते. केळे बंद, संत्रे बंद. दवाखान्याबाहेर भेटायला येणारे लोक प्रेमाने शहाळे घेऊन येत, तेही बंद.

मार्च २०१९ मध्ये ऊन तापू लागले. एका रात्री मला जाग आली तेव्हा ते स्वयंपाकघरात माठासमोर बसून, तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी पीत होते. मी तांब्या हिसकावून घेतला आणि नको नको ते बोलले. तुम्हाला मरायचे असेल तर मरा, पण मला या खेपांमधून सोडवा, असे म्हणाले. त्यांनी उत्तर दिले नाही. ओल्या बोटांनी ओठ पुसले आणि जाऊन आडवे झाले. मी माठ उचलून शेजाऱ्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. त्या रात्री मी मनगटावर हात ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला प्रार्थनाही करता आली नाही. माझ्या मनात दया उरलेली नाही, मी केवळ काम उरकते आहे, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले आणि त्याची मला फार भीती वाटली.

तो ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ होता. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी त्या वर्षी पाचव्या उद्गारासाठी, म्हणजे ‘मला तहान लागली आहे’ यासाठी, यजमानांना विचारले. आधी मला तो विचार निर्दय वाटला, पण यजमानांनी लगेच होकार दिला. त्यांचे डोळे लवकर थकत, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना दुःखसहनाचे वृत्तांत चारही शुभवर्तमानांतून वाचून दाखवू लागले.

मत्तयकृत शुभवर्तमानात कुरेनेकर शिमोनाचा प्रसंग आला. येशूचा वधस्तंभ वाहण्यासाठी शिपायांनी या शिमोनाला वेठीस धरले, हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आले होते. त्या दिवशी ‘वेठ’ या शब्दावर मी अडखळले. यजमान उशीवरून म्हणाले, "थांबलीस का? आपला शब्द आहे तो." आणि खरोखर तो आमच्या घरातला शब्द होता. त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाल्यानंतरही गावच्या लेखी महारच होते. सरकारी अंमलदाराचे सामान या गावाहून त्या गावाला डोक्यावरून पोचवायचे, सांगावा घेऊन धावायचे, मेलेले जनावर ओढायचे, ही वेठ त्यांनी केली होती. १९५८ च्या कायद्याने ही कामे ज्यांना जोडलेली होती ती महार वतने गेली, पण आजोबांच्या तोंडचा शब्द घरात राहिला. शिमोन तर, मार्क सांगतो त्याप्रमाणे, शेताकडून परतत होता. तो शिष्य नव्हता, दया आली म्हणून पुढे झालेला नव्हता. वाटेत सापडला म्हणून त्याच्या खांद्यावर लाकूड दिले गेले.

मला तत्क्षणी माझीच गोष्ट कोणीतरी वाचून दाखवत आहे असे वाटले. मीसुद्धा स्वतः पुढे झाले नव्हते; मला धरले गेले होते. मी हे पाळकसाहेबांपाशी बोलून दाखवले तेव्हा त्यांनी मला मत्तयाचा पाचवा अध्याय उघडायला सांगितला. कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, हे प्रभूचे वचन तेथे आहे. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, तो इराणी राजांच्या टपालस्वारांवरून आलेला आहे आणि रोमी शिपाई वाटेवरच्या कोणालाही आपले ओझे वाहायला लावू शकत, असे त्यांनी समजावले. मग ते म्हणाले, "पहिला कोस शिपायाचा असतो, बाई. त्यात तुमच्या मनाला कोणी विचारत नाही. दुसरा तुमचा."

या बोलण्याने माझा थकवा गेला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार तसेच राहिले. परंतु पहिल्या कोसात माझ्या मनात प्रेम नाही याची मला वाटणारी लाज मात्र गेली. वेठीला आलेल्या माणसाकडून कोणी हसतमुख असण्याची अपेक्षा धरत नाही. मी घरी येऊन शेजाऱ्यांकडचा माठ परत आणला. त्यांतले अर्धी वाटी पाणी लहान साच्यात घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये गोठवले आणि रात्री जाग आली की त्यांतला एक खडा यजमानांच्या जिभेवर ठेवू लागले. बर्फ हळूहळू विरघळतो, त्यामुळे थोड्या पाण्यात तोंड बराच वेळ ओले राहते, ही युक्ती सिस्टरांनी मला आधीच सांगितली होती. मीच उठायला तयार नव्हते.

आता अडचण अशी होती की शुभ शुक्रवार हा शुक्रवारच असतो. यजमानांची पाळी सकाळी अकरा ते तीन अशी होती. सहा ते दहाच्या पहिल्या पाळीत पाथर्डी तालुक्यातील एका वाडीवरचे एक माळकरी शेतकरी येत. आमच्या दोघांच्या वेळा एकमेकांना चाटून जात, त्यामुळे ओळख झाली होती. मी त्यांना संकोचाने विचारले, तर वाक्य पुरे व्हायच्या आत ते म्हणाले, "तुमचा एवढा मोठा दिवस हाये ताई. मला काय, सुई सकाळी टोचली काय अन् दुपारी टोचली काय, सारखीच." सिस्टरांनी पाळी बदलून दिली.

१९ एप्रिल २०१९ च्या पहाटे आम्ही निघालो, दहाला यंत्र सुटले आणि पावणेबाराच्या सुमारास गावात पोचलो. डायलिसिसनंतर यजमानांना उभे राहवत नसे, म्हणून ते खुर्चीवर बसून बोलले. सात-आठ मिनिटेच बोलले असतील. शोमरोनी स्त्रीपाशी विहिरीवर ज्याने पाणी मागितले तोच वधस्तंभावर पुन्हा पाणी मागतो आहे, असे त्यांनी सांगितले. मग आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज ज्याने त्याच्या ओठांपर्यंत नेला त्या माणसाविषयी ते बोलले. त्याचे नाव योहान सांगत नाही, तो कदाचित शिपायांपैकीच असेल, आणि त्याच्या हाताशी होते ते आंबट पेयच होते. तरी त्याने ते उचलून धरले. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मला रात्री तहान लागते तेव्हा बर्फाचा एक खडा येतो. त्या दुपारी त्यालाही तहान लागली होती, हे मला ठाऊक आहे. मला एवढे पुरते." तो खडा मी ज्या रात्री दिला नव्हता त्या रात्रीबद्दल ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या माळकऱ्यांनी एका पिशवीतून आपली पोथी आणली. तीन पिढ्यांच्या वाचनाने तिची पाठ उसवली होती, पाने सुटी झाली होती. यजमानांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मोबदला घेणार नाही असे आधीच सांगून ठेवले. शिवण उसवायची, पानांच्या घड्या सरळ करायच्या, फाटलेल्या कडांना पातळ कागदाची पट्टी लावायची, असे काम सुरू झाले. ते सांगत आणि मी करीत असे.

मार्चअखेर टाळेबंदी लागली. एसटी थांबली, चर्चला कुलूप लागले, रस्त्यावर चौक्या आल्या. डायलिसिस मात्र थांबवता येत नाही. पोलिसांकडून पास मिळाला, पण पासावर बसून जाता येत नाही; गाडी लागते, आणि भाड्याच्या गाडीला आठवड्यातून तीन वेळा द्यायला पैसे नव्हते. गावातील दुधाचा टेम्पो तेवढा रोज नगरच्या दिशेने जात होता. तो चालवणाऱ्या मुलाच्या घराशी आमच्या मंडळीचे दफनभूमीच्या वाटेवरून जुने भांडण होते. बांधावरून शवपेटी नेऊ देणार नाही असे त्याचे वडील एकदा म्हणाले होते आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. मी त्याच्या दारात गेले तेव्हा काय बोलायचे हे मला ठरवता आले नव्हते. त्याने मला बोलूच दिले नाही. "काकांना आठ वाजता चौकात आणा," एवढे म्हणाला.

त्याला दूध घालायचे होते ते शीतकरण केंद्र शहराच्या अलीकडेच होते. तेथून दवाखाना सहा-सात किलोमीटर पुढे. पहिल्या दिवशी मी म्हणाले की आम्ही येथून काहीतरी पाहू. तो कॅन उतरवून परत आपल्या जागेवर बसला आणि गाडी दवाखान्याकडे घेतली. तीन वाजेपर्यंत तो टेम्पोच्या सावलीत झोपून राही आणि आम्हाला घेऊन परते. त्या दिवसांत दुधाचे भाव कोसळलेले होते, त्याचेच घर अडचणीत होते, हे मला माहीत होते. असे दोन महिने चालले. १० एप्रिल २०२० चा शुभ शुक्रवारही आम्ही त्याच टेम्पोत, रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात घालवला. तीन वाजून गेल्यावर परतीच्या वाटेवर यजमानांनी सातही उद्गार तोंडपाठ म्हटले. चालवणारा मुलगा मध्ये एकदा म्हणाला, "पाणी हवंय का काका?" त्याने पाचवा उद्गार ऐकला होता आणि तो खरोखरच पाणी मागण्याचा शब्द समजला होता. यजमानांनी त्याच्या बाटलीतून एक घोट घेतला. मी वहीत ३० मिलिलिटर लिहिले.

पाथर्डीचे माळकरी एप्रिलच्या अखेरीपासून दिसले नाहीत. त्यांच्या वाडीवरून निघणारे वाहन बंद पडले होते. एक खेप चुकली, मग दुसरी चुकली. मे महिन्यात सिस्टरांनी सांगितले की ते गेले. यजमान त्या दिवशी चार तास भिंतीकडे तोंड करून पडून होते. घरी आल्यावर त्यांनी पोथी मागून घेतली आणि म्हणाले की आता घाई नाही, पण काम नीट व्हायला हवे. आम्ही तिला कापडी पाठ दिली, दोन्ही टोकांना विणलेली पट्टी लावली आणि मधे खुणेसाठी फीत ठेवली. पवित्र शास्त्र बांधताना ते नेहमी जे करीत ते सर्व त्यांनी तिच्यासाठी केले. मनगटाची थरथर जपत, उजव्या हाताने, शेवटची खळ त्यांनी स्वतः लावली.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, त्याच टेम्पोने आम्ही वाडीवर गेलो. त्यांच्या पत्नीने पोथी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि कोनाड्यात ठेवली. बोलता बोलता त्या म्हणाल्या की आदल्या वर्षी एकदा पाळी बदलली होती तेव्हा दुपारच्या डायलिसिसनंतर त्यांचा रक्तदाब उतरला, सोडायला सहा वाजले आणि पाथर्डीहून वाडीकडे येणारी शेवटची जीप निघून गेली. त्यांनी ती रात्र स्टँडच्या बाकावर काढली आणि शनिवारी सकाळी घरी आले. पुढे वर्षभर दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ते आम्हाला भेटत होते, पण आमच्याजवळ त्यांनी हे कधी बोलून दाखवले नाही.

यजमान काही बोलले नाहीत. तेवढ्यात बाईंनी चहा आणला. परक्या घरी ते नेहमी आधीच सांगत की मला अर्धाच कप द्या, आणि त्यातलाही निम्मा बशीत ठेवत. त्या दिवशी काठोकाठ भरलेला कप त्यांनी घेतला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप बाईंच्या हातात परत दिला. परतीच्या वाटेवर मी वही काढली आणि १५० मिलिलिटर लिहिले.